हलत नाही ते टाकून दे

माझं काम सांगताना मला कंटाळा येतो आणि ऐकणाऱ्याला त्याहून जास्त येतो. पुण्याच्या एका कंपनीचं काम मी साताऱ्यात घरी बसून करतो. रस्त्यांवरच्या, कारखान्यांच्या गेटावरच्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ येतात, तासन्‌तास लांबीचे. माझा कोड त्यांच्यातून सुटी चित्रं काढतो. व्हिडिओ म्हणजे तरी काय, सेकंदाला पंचवीस फोटो एकामागं एक पळवलेले. ते पळणारे फोटो थांबवायचे, उपयोगाचे ठेवायचे, बाकीचे फेकायचे. पुढं दुसरी माणसं त्या चित्रांवर चौकोन काढत बसतात. हा ट्रॅक्टर, ही मोटारसायकल, हे कुत्रं. मग म्हणे यंत्राला कुत्रं ओळखता येतं. आमच्या आळीतली कुत्री मला अजून ओळखत नाहीत, रोज भुंकतात.

या कामातला सगळ्यात मोठा नियम एवढाच, की जे हलत नाही ते टाकून दे. रिकामा रस्ता, बंद गेट, भिंत. पुढचं चित्र मागच्यासारखंच असेल तर ते नुसती जागा खातं. माझ्या कोडमध्ये त्यासाठी चार ओळींची एक चाळणी आहे. दोन चित्रं शेजारी ठेवून बघते, फरक फार नसेल तर दुसरं उडवते. ती मी कामाला लागलो त्या वर्षी लिहिली आणि नंतर तिच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. चालतंय ते चालू द्यावं, या वयात उगाच कशाला हात घाला.

दसऱ्याच्या आठवड्यात पाटणकडून निरोप आला की मामाला झटका आला, उजवी बाजू गेली, दवाखान्यातून घरी आणलंय. आई तांदूळ निवडत बसली होती. तिनं ऐकलं आणि पुढचा खडा शोधायला लागली. मला वाटलं, झालं, एवढंच. पण संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"तुला त्या पेटीत शूटिंगमधनं फोटू काडता येत्यात न्हवं?"

"येतात."

"मग ताईच्या लग्नातला माज्या दादाचा काडून दे. टावेल-टोपी घेताना."

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. हा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही.

माझ्या बहिणीचं लग्न गावाकडं झालं, सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी, आमच्या दारात मांडव घालून. त्याला आता वीस वर्षं होत आली. आमच्याकडं अक्षता पडायच्या आधी मानाच्या माणसांचे सत्कार होतात. माईकवर नाव पुकारायचं, माणसापुढं जाऊन डोक्यावर नवी टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. सरपंच, कारखान्याचे संचालक, व्याह्यांकडचे पाच-पंचवीस. पोराचं शिक्षण एक वेळ राहिलं तरी चालेल, पण टॉवेल राहून चालत नाही. ते ताट फिरवायचं काम माझ्याकडं होतं. मी पंचवीस वर्षांचा, नोकरीला लागलेला, घरातला कर्ता मुलगा.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. फौजेत अठरा वर्षं काढून हवालदार म्हणून परत आलेला. लग्नात त्यानं रीतीप्रमाणं नवरीला हाताला धरून बोहल्यापर्यंत आणलं, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेला. नंतर कळलं की, "तुमच्या घरानं मला मान दिला न्हाई," एवढं तो कुणापाशी तरी बोलला. आई म्हणाली, दिला, मी सवता बघितलं. वडील म्हणाले, ताट पोराकडं होतं, त्याला विचारा. मला विचारलं तर मला आठवेना. पन्नास-साठ माणसांना टोप्या घातलेल्या, कुणाला घातली नि कुणाला नाही हे कोण ध्यानात ठेवतो? मग हळूहळू असं ठरलं की मीच विसरलो असणार. कुणी ठरवलं ते ठाऊक नाही. पण भावकीत कुठंही जेवायला बसलो की वाढणारा म्हणायचा, ह्याच्या हातात ताट देऊ नका रं, ह्यो मामालाच विसरतो. मी हसायचो. पहिली पाच वर्षं हसलो, पुढं दमलो.

मामा परत आमच्या दारात आला नाही. आई त्याच्या दारात गेली नाही. तो खोटं बोलला, हे तिचं एकच पालुपद. भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नाही ती चांदोबाला ओवाळते. माझी आई भाऊ जिवंत असताना चांदोबाला ओवाळत आली. बीजेची कोर लवकर मावळते, म्हणून दिवेलागणीलाच ताट घेऊन ती जिना चढायची. वडील गेले, तिचे गुडघे गेले, तरी एकेक पायरी बसून चढायची. मी खाली उभा राहायचो. वर जाऊन काय बोलावं हे मला कधी सुचलं नाही.

"फोटू दाकवती त्याला," ती म्हणाली. "म्हणती, बघ, ह्यो तू, ह्यो टावेल. आता तरी खरं बोल. मग ओवाळती. फोटूबिगर मी जानार न्हाई."

"आणि नाही निघाला तर?"

"निगंल. म्या बगितलंय."

भाऊबीजेला अजून तीन आठवडे होते.

लग्नाच्या दोन सीड्या लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली होत्या. त्या चालवायला घरात काही उरलेलं नव्हतं. पोवई नाक्याजवळच्या एका दुकानदारानं माळ्यावरून जुना ड्राइव्ह काढून दिला आणि काय बघणार आहात एवढं, म्हणून हसला. एक सीडी पहिल्या दमात वाचली. दुसरी साबणानं धुऊन, बनियननं पुसून चौथ्या वेळी.

आत सगळं होतं तसंच होतं. शूटिंगवाल्यानं नवरीला गुलाबाच्या फुलातून काढलेलं, नवरदेवाला बदामात बसवलेलं. माणसांचा आवाज पूर्ण काढून टाकून वरून सनई. दोन तास एकच सनई. माईकवर कोण काय पुकारतंय, कोण कुणाला काय सांगतंय, काही ऐकू येण्याची सोय नाही. आणि चित्र इतकं बारीक की चेहरा म्हणजे सात-आठ चौकोनी ठिपके. तरी मामा ओळखू आला. माणसं चेहऱ्यावरून कमी आणि बसण्यावरून जास्त ओळखू येतात. तो पुढच्या रांगेत कडेला, लोखंडी खुर्चीवर, पाठ न टेकता बसला होता.

नुसतं बघून माझं भागलं असतं, पण आईला हातात धरायला फोटो हवा होता. शिवाय मी दिवसभर असल्याच गोष्टी बघतो, डोळे चुरचुरतात, अजून दोन तास सनई ऐकायची ताकद नव्हती. कामाचाच कोड उचलला, सेकंदाला एक चित्र असं सांगितलं आणि भाजी आणायला गेलो. परत आलो तर दोन तासांच्या लग्नातली हजारभर चित्रं निघाली होती. सत्काराची त्यात जेमतेम चाळीस.

चाळीसही चाळली. सत्कार सुरू होताना मामा खुर्चीवर, डोक्यावर त्याची जुनी पांढरी टोपी. सत्कार संपताना मामा उभा, डोक्यावर तीच टोपी. खांद्यावर टॉवेल नाही, हातात नारळ नाही.

आईला बोलावून दाखवलं. तिच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली आहेत. ती नाक लावून बघते.

"ह्यो बसलाय," ती म्हणाली. "हितं उटलाय. मधलं कुटं गेलं?"

"मधलं नाही."

"मधलं न्हाई असं कसं? मानूस बसला नि उटला, मधी काय झालंच न्हाई?"

मला तिचा राग आला. आठ-दहा तास दुसऱ्याची कुत्री मोजून उठावं आणि घरात हे ऐकावं. मी जरा तोडूनच म्हणालो, की यंत्र आहे ते, त्यात असेल तेच दाखवतं. ती आत गेली. मग मला जे आधीच सुचायला हवं होतं ते सुचलं. चाळणी. मधलं होतं, मी ते फेकलं होतं. सत्काराच्या वेळी शूटिंगवाल्यानं कॅमेरा स्टँडवर ठेवला होता आणि बहुतेक चहाला गेला होता. कॅमेरा हलत नाही, मांडव हलत नाही, पन्नास माणसं खुर्च्यांवर बसलेली. माझ्या कोडच्या दृष्टीनं तो रिकामा रस्ता होता. आणि फौजेत अठरा वर्षं काढलेला माणूस, बस म्हटल्यावर हलतो कशाला? चाळणीनं त्याला पहिल्याच सेकंदाला उडवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चार ओळी बंद केल्या आणि कोड पुन्हा चालवला. सत्काराची सहाशेच्या वर चित्रं निघाली. एकेक बघत गेलो.

मामा टोपी घालून बसलाय. मी डावीकडून येतोय, दोन्ही हातांत ताट. एवढा बारीक होतो मी? मामाला मी येताना दिसतो. तो डावा हात डोक्याकडं नेतो. पुढच्या चित्रात टोपी त्याच्या गुडघ्यावर आहे आणि डोकं उघडं. नवी टोपी घालून घ्यायची तर जुनी आधी काढून ठेवावी लागते, लहान मुलालाही ते ठाऊक असतं. मी मामाला उघड्या डोक्यानं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडं त्या वयाचा माणूस चारचौघांत तसा बसत नाही. पुढच्या चित्रात मी त्याच्यापासून दोन हातांवर, आणि त्यानं डोकं थोडं पुढं झुकवलंय.

त्यापुढच्या चित्रात मी त्याच्यापुढं नाही. मी पाठमोरा, व्याह्यांच्या रांगेकडं निघालोय.

मामा तसाच बसलाय. पुढचं चित्र, तसाच. पुढचं, तसाच. मी मोजायला नको होतं, पण मोजायची सवयच लागलीय. तीनशे सत्याऐंशी चित्रं. साडेसहा मिनिटं जवळजवळ. त्या साडेसहा मिनिटांत मी त्याच्यापुढून चार वेळा ताट घेऊन गेलो. पहिल्या दोन वेळी त्याचं डोकं झुकतं. नंतर झुकत नाही. शेवटी माईकवाल्यानं मामांनी नवरीला आणावं असं पुकारलं असणार, कारण तो टोपी उचलतो, डोक्यावर घालतो, उभा राहतो.

म्हणजे मीच. भावकी म्हणत होती ते खरं. मी खुर्ची मागं सरकवली. मग मनात आलं की दोन हातांवर आलेला माणूस विसरून वळतो कसा? वळायला काहीतरी कारण लागतं. ती दोन चित्रं पुन्हा काढली, त्यांच्यामधल्या सेकंदाची पंचवीसच्या पंचवीस.

चित्राच्या उजव्या कडेवरून एक हात आत आला होता. कोपरापर्यंत हिरवा चुडा, वर डाळिंबी काठाचा पदर. तो हात व्याह्यांच्या रांगेकडं बोट दाखवत होता. सहाव्या चित्रात आत येतो, विसाव्यात जातो. अर्ध्या सेकंदाचं काम. डाळिंबी काठाची ती साडी अजून आमच्या कपाटात आहे, सीड्या तिच्याच खाली होत्या. सनईखाली शब्द गेले होते, पण हात बघितला आणि मला ते वीस वर्षांनी लख्ख ऐकू आले. *त्यो घरचाच हाय रं, त्याचं मागनं कर. आदी पाव्हण्यांचं बग.*

मी निर्दोष सुटलो होतो. आनंद झाला म्हणावं तर नाही. नुसतं दमल्यासारखं वाटलं, एवढा लांबचा चढ चढून वर आल्यावर बघण्यासारखं काहीच नसावं तसं.

त्या दिवशी मी आईला खोटं सांगितलं, की सीडी खराब झालीय. तिनं मान हलवली. चार दिवस तिनं विषय काढला नाही. पाचव्या दिवशी मी जेवत असताना म्हणाली, "तुला खोटं बोलताना लहानपनापासनं पानी लागतं." मी बघितलं तर खरंच तिसरा पेला हातात होता.

हात धुतले आणि तिला टेबलाशी बसवलं. आधी टोपी काढलेली दाखवली. मग वाट बघणं, एकेक करून. मला वाटलं, वीस-पंचवीसनंतर ती बास म्हणेल. ती म्हणाली नाही. बटण दाबून दाबून माझं बोट दुखायला लागलं. तीनशे सत्याऐंशी संपली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात माझ्यावरचा आरोप अजून होता. तेव्हा मी मधल्या सेकंदातलं, मागं ठेवलेलं ते एक चित्र उघडलं.

"ह्यो कुनाचा हात?" तिनं विचारलं.

तिनं बोट पडद्यावर टेकवलं, चुड्यावर, मग पदराच्या काठावर. आणि मग ते बोट तिनं उचलून स्वतःच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

"मीच म्हणलं व्हतं," ती म्हणाली. "मागनं कर म्हणलं. म्हणलं म्हंजी झालं, असंच धरून बसले मी. आपल्याच मानसाला मागं ठेवायचं, त्यो काय रुसनार, म्हणून."

"आणि वीस वर्षं तुम्ही सगळ्यांनी मला धरलं," मी म्हणालो. बोलायचं नव्हतं, पण बोलून गेलो.

"व्हय रं," ती म्हणाली. एवढंच. मला वाटलं होतं तिनं रडावं किंवा भांडावं, म्हणजे मलाही भांडता आलं असतं. ती उठून आत गेली आणि भांडी घासायला लागली.

भाऊबीजेच्या सकाळी ती आंघोळ करून, पिशवी भरून दारात बसली होती. फोटो घेऊ का, म्हणून मी विचारलं. म्हणाली, "काय करायचाय फोटू. गाडी काड."

उंब्रजपासून पाटणच्या रस्त्याला ऊस तोडणीला आला होता. आई सगळा रस्ता पिशवी मांडीवर धरून बसली. मी दोनदा विचारलं, चहा घ्यायचा का? दोन्ही वेळा नको म्हणाली. मामाचं घर रस्त्यावरच आहे, कोयनेच्या बाजूला. त्याच्या सुनेनं दार उघडलं. या, म्हणाली, आणि बाजूला झाली.

मामा सोप्यात कॉटवर, पाठीला उशा लावून बसवलेला. उजवा हात मांडीवर पालथा पडलेला. डोक्यावर पांढरी टोपी, घरातसुद्धा. तोंड जरा वाकडं झालं होतं, पण नजर तीच. आईला बघून तो म्हणाला, "ये बाय." जणू ती परवाच येऊन गेली होती.

आई उभीच राहिली. सगळा रस्ता घोकत आलेलं तिनं एका दमात टाकलं. "दादा, मीच म्हणलं व्हतं, तुजं मागनं करा म्हणून. ह्या पोरानं न्हाई. मी."

"ठावं हाय," मामा म्हणाला. जीभ जड झाली होती, शब्द सावकाश येत होते. "हात दिसला व्हता तुजा."

आईनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "मग तवाच का बोलला न्हाईस? मी तुला खोटं पाडलं गावभर."

"काय बोलायचं? माज्याच भनीनं मला मागं ठेवलं, असं सांगायचं लोकास्नी?" तो दम घ्यायला थांबला. "तुज्या घरानं म्हणलं, की लोक घराला नावं ठेवत्यात. तुला न्हाई ठेवत." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. "ह्याला लागलं आसंल मातर. त्ये चुकलं माजं."

मी काहीतरी बोललो, असू द्या मामा, असलंच काहीतरी. मला तिथं अजिबात रडायचं नव्हतं.

सुनेनं पाट मांडला, पण त्याला खाली उतरवता येईना, तेव्हा ओवाळायचं कॉटवरच ठरलं. आई खाली बसली आणि पिशवी सोडायला लागली. करंज्यांचा डबा काढला, निरांजन काढलं, नारळ काढला. मग घडी घातलेला नवा टॉवेल. मग हात पुन्हा पिशवीत घातला आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी चाचपायला लागली. दोऱ्याची गाठ सुटत नव्हती. मी मदतीला वाकलो तर तिनं माझा हात बाजूला सारला.

मामा वरून बघत होता. कागदात काय आहे हे अजून कुणी बोललं नव्हतं. त्यानं डावा हात सावकाश डोक्याकडं नेला, टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि डोकं थोडं पुढं झुकवून वाट बघत बसला.